ओर्व्हलचं ‘वाईट नाही’

आमच्या खोऱ्यात कौतुक करायची पद्धत नाही. कुणाचं नवं घर बघून आलो तर आम्ही म्हणतो, ‘गळत नसेल तर बरं आहे.’ लेकीचं लग्न थाटात लागलं तर बाप म्हणतो, ‘चला, पार पडलं एकदाचं.’ आणि जेवण असं झालं की ताट चाटून पुसून ठेवावं, तर पुरुषमाणूस खुर्ची मागे सरकवतो, पोटावरून हात फिरवतो आणि म्हणतो, ‘वाईट नाही.’ बस्स. याच्या वरचा शब्द आमच्याकडे नाही. आमचे पणजोबा नॉर्वेहून निघाले तेव्हा बोटीत जागा कमी होती, म्हणून गोड शब्द तिकडेच ठेवून आले असावेत. इकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिनच्या थंडीनं उरलेसुरलेही गोठवले.

आर्डिस स्टेनस्रुड आमच्यातली नव्हती, हीच खरी अडचण. ती माथ्यावरची. खाली खोऱ्यात आम्ही नॉर्वेवाले आणि वर माथ्यावर जर्मन, अशी इथली जुनी वाटणी. तिचा बाप मोठ्या आवाजाचा माणूस. सुपाचा पहिला घोट घेतला की टेबलावर मूठ आपटायचा आणि ओरडायचा, “अगं, राजाच्या घरी तरी असं मिळत असेल का!” आई लाजून त्याच्या पाठीत फडकं मारायची. रोज. साध्या बटाट्याच्या सुपासाठीसुद्धा. सगळे नवरे असेच असतात अशा समजुतीत ही पोरगी वाढली, आणि मग लग्न करून खाली आली ती ओर्व्हल स्टेनस्रुडच्या घरात.

मी डेल्बर्ट. मला सगळे डेल म्हणतात. उभा जन्म मी दुधाचा टँकर चालवला. दिवसाआड प्रत्येक गोठ्यावर जायचं, नळी जोडायची, आणि दूध टँकरमध्ये चढेपर्यंत स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायची. त्यामुळे या खोऱ्यात कुणाच्या घरात काय शिजतं हे पाद्रीबुवांच्या आधी मला कळायचं. स्टेनस्रुडांकडची कॉफी पातळ असे. पण हिवाळ्यात त्यांचं दार उघडलं की जो वास यायचा, त्यासाठी मी ती कॉफी दोनदा प्यायलो असतो, आणि प्यायचोही.

तो वास आर्डिसच्या स्लो कुकरचा, म्हणजे दिवसभर मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याचा.

बाहेरच्या लोकांना वाटतं, हे भांडं आळशी बायकांसाठी आहे. त्यांनी एक हिवाळा गाई सांभाळून बघाव्यात. धारा पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला. गाईला रविवार कळत नाही आणि नाताळही कळत नाही. सगळं जग चुलीपाशी बसून मांस भाजत असतं, तेव्हा आमची माणसं गोठ्यात गाईच्या पोटाशी वाकलेली असतात. आर्डिस ओर्व्हलच्या बरोबरीनं धारा काढायची. मग चुलीपाशी उभं कोण राहणार? सकाळच्या धारा आटपल्या की ती आत यायची. बीफचा मोठा तुकडा मीठमिरी चोळून चहूबाजूंनी तव्यावर लालसर करायची. खाली कांदा, वर मांस, कडेनं गाजर आणि बटाटे, दोन तमालपत्रं, पेलाभर पाणी. झाकण लावायचं, बटण ‘मंद’वर फिरवायचं आणि निघून जायचं. संध्याकाळच्या धारा काढून दोघं परत यायची तेव्हा मांस चमच्यानं तुटायचं.

ओर्व्हलच्या आईला हे मुळीच पटलं नव्हतं. “चुलीपाशी उभं राहायचा कंटाळा आला की असली खेळणी आणतात,” म्हातारी म्हणाली. “अन्नाकडे बघायचं नाही, ढवळायचं नाही, चाखायचं नाही. अन्न आहे की कोंबडीची अंडी उबवताय?” मग तिनं दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाली, “खाता येतं.” आर्डिसनं ते पदकासारखं मिरवलं. सासूकडून तेवढं मिळालं, नवऱ्याकडून ‘वाईट नाही’च्या पुढे काही नाही.

डिसेंबर लागला की तिचा फोन वाजायला लागायचा. खोऱ्यातल्या सगळ्या नव्या सुना तिलाच विचारायच्या.

“आर्डिसकाकू, पाहुणे यायचेत, मला सोपं काहीतरी सांगा.”

“तुला सोपं हवंय की चांगलं?”

“दोन्ही.”

“मग मांसाचे गोळे कर. वर द्राक्षाच्या जॅमची एक बाटली ओत आणि तिखट सॉसची एक बाटली.”

“जॅम? मांसात?”

“विचारलंस ना? मग ऐक. ओत, झाकण लाव आणि घराबाहेर जा. दर पाच मिनिटांनी उघडून बघत बसलीस तर ईस्टरला शिजेल.”

चर्चच्या तळघरात नाताळचं जेवण असायचं तेव्हा भिंतीला लागून लांब टेबलावर कुकरची रांग लागायची. प्रत्येकाच्या झाकणावर चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. दुसरीच्या झाकणाला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा. एका वर्षी सगळे कुकर एकाच तारेला जोडले आणि वर प्रार्थना चालू असताना खाली फ्यूज उडाला. दोन-तीन बायका मध्येच खाली येऊन गेल्या, पण नियम म्हणजे नियम, कुणीही कुणाचं झाकण उचलून बघितलं नाही. पाद्रीबुवांनी आशीर्वाद दिला, झाकणं उघडली, आणि अख्ख्या मंडळीनं थंडगार, अर्धकच्चं जेवण एक शब्द न बोलता खाल्लं. निघताना सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं, ‘वाईट नव्हतं.’ अशी आमची जात.

आता ओर्व्हल. उंच, खांद्यात वाकलेला, हात फावड्याएवढे. माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला कुलूप. बोलायचा तो गाईंशी. मी टँकरपाशी उभा असलो की आतून ऐकू यायचं, “शाब्बास गं पोरी. काय दूध दिलंस! राणी आहेस तू.” आर्डिसही पलीकडच्या गाईपाशी बसून हे ऐकायची.

“डेल,” एकदा कॉफी ओतताना ती मला म्हणाली, “मला शेपूट असतं ना, तर माझंही कौतुक झालं असतं.”

ती हसत होती, म्हणून मीही हसलो.

तिनं हरतऱ्हेनं करून बघितलं होतं. एकदा मांसात पाण्याऐवजी लाल वाइन घातली. एकदा मशरूम घातले, एकदा माहेरच्या पद्धतीनं आंबवलेला कोबी. ओर्व्हल जेवायचा, शेवटचा रस पावानं पुसून घ्यायचा आणि म्हणायचा, ‘वाईट नाही.’ मग एका नाताळच्या आदल्या दिवशी, सगळ्या धांदलीत ती मीठच विसरली. त्या रात्रीचं मांस म्हणजे भिजवलेला पुठ्ठा. तिनं पहिला घास घेतला आणि घाबरून ओर्व्हलकडे बघितलं. त्यानं सगळं संपवलं. पाव फिरवला. खुर्ची मागे सरकवली.

“वाईट नाही,” तो म्हणाला.

आर्डिस कोठीघरात गेली आणि पिठाच्या पिंपावर बसून रडली. हे तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. “अळणी झालं म्हणून नव्हते रे रडले,” ती म्हणाली. “त्याला कळतं तरी का, हेच मला कळेना. मी इतकी वर्षं जीव ओतून करते ते, आणि हे, त्याला सारखंच? एकदा, फक्त एकदा त्याच्या तोंडून ऐकायचंय मला. बापासारखं ओरडायला नको. हळू म्हणाला तरी चालेल.”

“तो स्टेनस्रुड आहे, आर्डिस,” मी म्हणालो. “त्याचा बाप मरताना डॉक्टरला म्हणाला होता, ‘काही तक्रार नाही.’”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तरी वाट बघायला काही लागतं का?”

वाट बघण्यात वर्षं गेली. मुलगी जॉलीन शिकून ॲरिझोनाला गेली, जिथे लोक नाताळला पोहतात. ओर्व्हलचे गुडघे गेले आणि मग हळूहळू दुसरंच काहीतरी जायला लागलं. आधी तो अवजारांची नावं विसरला, मग शेजाऱ्यांची. एक दिवस एकाच गाईची दोनदा धार काढायला बसला आणि तिनं लाथ मारली तेव्हा पोरासारखा गोंधळून आर्डिसकडे बघत राहिला. गाई विकाव्या लागल्या. त्यानंतरही तो पहाटे उठून रिकाम्या गोठ्यात जायचा. हिवाळ्यात एकदा आर्डिसला तो तिथेच सापडला, अंगात सदरा, पायात मोजे, ओठ निळे. मग मात्र तिच्यानं निभेना. गावातल्या वृद्धाश्रमात त्याला खोली मिळाली. खिडकीतून पार्किंग दिसतं अशी खोली. गाईवाल्या माणसाला.

ती रोज जायची. बर्फात तिला गाडी चालवायची भीती वाटे, म्हणून पुष्कळदा मीच नेऊन सोडायचो. टँकर सोडल्यापासून मला तरी दुसरा उद्योग काय होता? बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. शरद ऋतूत एक दिवस ती बाहेर आली, माझ्या गाडीत बसली आणि पट्टा न लावता समोर बघत राहिली.

“काय झालं?”

“त्यानं मला विचारलं, बाई, तुम्ही कुणाला भेटायला आलात?”

मी गाडीतला हीटर वाढवला. आमच्याकडे अशा वेळी बोलत नाहीत.

“मी त्याच्यासाठी किती वेळा रांधलं असेल, डेल? आणि आता तर तो सांगायचाच नाही मला. सांगणार कुणाला? मी कोण, तेच त्याला ठाऊक नाही.” मग तिनं पट्टा लावला. “चल. अंधार पडतोय.”

पण ती माथ्यावरची. तिकडची माणसं सहजासहजी हार मानत नाहीत. डिसेंबर लागताच एका सकाळी तिचा फोन आला. “पिकअप घेऊन ये. मागे जागा ठेव.” गेलो तर दारात कुकर तयार, आत कांदा आणि मांस रचलेलं. वृद्धाश्रमात खोलीत शेगडी-इस्त्री काही लावू देत नाहीत, पण तिथल्या मुख्य परिचारिका मिसेस क्वाम हिला आर्डिसनंच कधीकाळी तिच्या लग्नानंतर मांसाचे गोळे शिकवले होते. तिनं भोजनकक्षाच्या कोपऱ्यात प्लग दिला.

दुपारपर्यंत तो वास सगळ्या इमारतीत फिरला. काय सांगू तुम्हाला! चाकाच्या खुर्च्या, काठ्या, वॉकर, ज्याला जे जमेल ते घेऊन सगळी म्हातारी मंडळी कोपऱ्यात गोळा झाली. महिनाभर तोंड न उघडलेले एक आजोबा म्हणाले, “ताटं कुठायत?” एक आजी रडायलाच लागल्या, त्यांना त्यांची आई आठवली. सगळ्यांना काही ना काही आठवलं. फक्त ओर्व्हल खिडकीपाशी बसला होता तसाच बसून होता. आर्डिसनं त्याच्या मांडीवर ताट ठेवलं. त्यानं दोन घास खाल्ले, चमचा नीट बाजूला ठेवला आणि पार्किंगकडे बघायला लागला. ‘वाईट नाही’ एवढंसुद्धा म्हणाला नाही.

मी तिला घरी सोडलं, रिकामा कुकर आत नेऊन ठेवला. दुसऱ्या कुकरमध्ये तिनं स्वतःपुरतं काहीतरी सकाळीच लावून ठेवलेलं होतं. ती गाडीतून हातमोजे आणायला पुन्हा बाहेर गेली, आत आली आणि दारातच थबकली.

“डेल,” ती म्हणाली. “तुला आत्ता वास येतोय का?”

“मगाशी आलो तेव्हा येत होता. आता कुठे?”

“तेच! मला आत्ता आला. बाहेरून आले म्हणून.” ती तशीच, अंगावर बर्फ घेऊन उभी. “दिवसभर घरात असलं की हा वास येतच नाही. मी त्याला गरम खोलीत खुर्चीवर बसवून खायला घातलं. आयुष्यात कधी तो असा जेवलाय? तो गोठ्यातून यायचा. गारठलेला, भुकेला. मागच्या दारानं.” तिनं टोपी काढून टेबलावर आपटली, अगदी तिच्या बापासारखी. “त्याला घरी आणायचं. नाताळच्या आदल्या दिवशी. पाचच्या सुमाराला, गोठ्यातून.”

“गोठ्यात गाई नाहीत, आर्डिस.”

“ते मला ठाऊक आहे. त्याला ठाऊक आहे का?”

मला हे पसंत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. जॉलीननं तर फोनवर आईला पाऊणतास ऐकवलं. “आई, ते बिथरतील. परत जायलाच तयार होणार नाहीत. आणि तुला काय मिळणार यातून?” आर्डिसनं फोन कानापासून दूर धरला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. “तू पोहायला जा,” ती शेवटी म्हणाली आणि ठेवून दिला.

मिसेस क्वामनं परवानगी दिली, पण अटीवर. “रात्रीच्या औषधाआधी परत आणायचं. आणि आर्डिस, मनात फार काही धरून जाऊ नका. वाईट वाटेल.”

“वाईट वाटायची मला सवय आहे,” आर्डिस म्हणाली. “धरायची पण.”

त्या दिवशी थंडी अशी की नाकातला श्वास गोठावा. मी चार वाजता ओर्व्हलला आणायला गेलो. त्याला त्याचा जुना जाड कोट चढवला. गावाबाहेर पडलो, सूर्य टेकडीआड गेला, आणि शेताचं वळण आलं तसा तो पुढे सरकून बसला. हात गुडघ्यांवर.

“उशीर झाला,” तो म्हणाला.

“नाही, वेळेवर आहोत,” मी म्हणालो.

घरात दिवा लागलेला होता. मी मुद्दाम तिकडे न जाता गाडी सरळ गोठ्यापाशी लावली. आर्डिसनं आदल्या दिवशी तिथली जळमटं झाडून दिवे लावून ठेवले होते. ओर्व्हल आत शिरला. रिकाम्या गोठ्यासारखी रिकामी जागा जगात नसेल. तो सगळ्या रांगेतून चालत गेला, प्रत्येक खांबाला हात लावत, तोंडानं काहीतरी पुटपुटत. नावं घेत होता तो, गाईंची. एकही विसरला नव्हता. टोकाला जाऊन वळला आणि माझ्याकडे बघितलं.

“पोरी कुठायत?”

जन्मात मी दुधात पाणी घातलं नाही, पण तेव्हा खोटं बोललो. “धारा झाल्या, ओर्व्हल. दूध मी टँकरमध्ये चढवलं. आज नाताळ ना, लवकर आटपलं सगळं.”

त्यानं विचार केला. “चांगलं दिलं का?”

“भरपूर.”

“शाब्बास,” तो रिकाम्या रांगेला म्हणाला, आणि सवयीनं दिवा मालवून बाहेर पडला.

अंगणात बर्फ करकरत होता. मी त्याचा दंड धरायला गेलो तर त्यानं हात झटकला. मागच्या पडवीत तो बाकावर बसला, वाकला आणि त्यानं स्वतःचे बूट काढले. वृद्धाश्रमात त्याला दोघंजण मोजे चढवतात, तो माणूस. बूट भिंतीशी जोडीनं ठेवले. उभा राहिला. आणि आत जाईना. बंद दारासमोर नुसता उभा, डोळे मिटलेले. मी दार उघडायला पुढे झालो तर त्यानं हात आडवा धरला. म्हणून मीही थांबलो. फटीतून वास येत होता. कांदा विरघळलेला, मांस सुटायला आलेलं, तमालपत्र. खरं सांगतो, माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांनाही.

मग त्यानं स्वतःच दार उघडलं. मोरीपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला. आर्डिस ओट्यापाशी उभी होती. तिनं तिचा निळा स्वेटर घातला होता, केस नीट केले होते. तिनं त्याच्याकडे बघितलं. ताट वाढलं, रस घातला, पाव ठेवला. माझंही वाढलं. स्वतःचं वाढून घेतलं, पण खाईना. हात मांडीवर घेऊन बसली. मी आयुष्यात इतकं मन लावून कुणाला जेवताना बघितलं नाही, आणि ती तर श्वाससुद्धा जपून घेत होती.

ओर्व्हल जेवला. सगळं. पावानं ताट पुसलं. खुर्ची मागे सरकवली. मी म्हटलं, आता म्हणणार. दोन शब्द आधी कधी तिला पुरले नव्हते, पण त्या दिवशी तेवढे तरी मिळाले असते तर तिनं डोक्यावर घेतले असते.

त्यानं तिच्याकडे बघितलं. नीट, सभ्यपणे, पाहुण्याकडे बघावं तसं.

“तुम्ही कुठल्या, बाई?”

तिचा चेहरा मला बघवेना. मी ताटाकडे बघितलं. क्वामबाईंनी सांगितलंच होतं, आणि मीही सांगितलं होतं, आणि आमचं दोघांचं खरं ठरल्याचा मला इतका राग आला की चमचा वाकवावासा वाटला.

“माथ्यावरची,” आर्डिस म्हणाली.

“असं?” ओर्व्हलचा चेहरा उजळला. “माझी बायकोपण माथ्यावरची.”

“हो का?”

“हो. येईलच आता. गोठ्यातलं आवरत असेल.” त्यानं पडवीच्या दाराकडे बघितलं. “भेटून जा तिला.”

“बघू,” ती म्हणाली. मग तिनं टेबलाची कड धरली आणि विचारलं, “स्वयंपाक कसा करते?”

ओर्व्हलनं पुन्हा दाराकडे बघितलं. कुणी येत नाही ना, याची खात्री केल्यासारखं. मग पुढे वाकला आणि आवाज खाली आणला.

“तिच्यासारखा या खोऱ्यात कुणी करत नाही,” तो म्हणाला. “माझ्या आईलाही यायचा नाही तसा. गोठ्यातून आलो ना बाई, की ती पुढे आत जाते, मी बूट काढतो आणि पडवीत थांबतो. नुसता वास घेत. आत गेलं की संपतो तो. तिला वाटतं मला नाड्या सोडायला वेळ लागतो.” तो हसला. त्याला हसताना मी क्वचितच पाहिलंय. “आतून ओरडते, अरे ये की लवकर, गार होतंय. मी मुद्दाम थांबतो. दिवसभरात तेवढंच एक, त्याचीच वाट बघतो मी.”

आर्डिसच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

“आणि एकदा मीठ विसरली,” तो म्हणाला. “नाताळ होता. तोंड एवढंसं झालं होतं बिचारीचं. मी सगळं खाल्लं. एक शब्द बोललो नाही.”

“तिला सांगितलंत का हे कधी?” तिनं विचारलं.

“छे!”

“सांगा की. बरं वाटेल तिला.”

“नाही हो.” ओर्व्हलनं मान हलवली, लाजला, आणि टेबलावरचा पावाचा चुरा बोटानं गोळा करायला लागला. “असलं बोलता येत नाही मला. तुम्हीही सांगू नका हं तिला.”

“नाही सांगणार,” आर्डिस म्हणाली, आणि उठून तिनं त्याला आणखी वाढलं.